गुडघे बदललेल्या वडिलांसाठी क्रूझवरची अ‍ॅक्सेसिबल केबिन घ्यावी का?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाचा आहे. उन्हाळ्यात पुण्याहून आई-वडील येणार आहेत आणि सगळे मिळून सिअ‍ॅटलहून सात रात्रींच्या अलास्का क्रूझला जाणार आहेत. वडील 74 वर्षांचे. दोन्ही गुडघ्यांची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली आहे. घरात आधाराशिवाय चालतात, बाहेर काठी घेतात, विमानतळावर व्हीलचेअर मागवतात. बुकिंग करताना बाल्कनीच्या वर्गात दोन पर्याय दिसले, एक साधी केबिन आणि एक अपंग प्रवाशांसाठी खास सोयी केलेली ‘अ‍ॅक्सेसिबल’. भाडे सारखे, पण दुसरी बरीच मोठी. एजंट म्हणतो, “बिनधास्त घ्या, सर्टिफिकेट कोणी मागत नाही.” घ्यावी का?

या माहितीवरून तरी बाबांना ती केबिन लागत नाही. त्यांना लागणाऱ्या बहुतेक वस्तू साध्या केबिनमध्ये पैसे न देता मागवता येतात. शिवाय अलास्काला त्यांची खरी दमछाक होईल ती जहाजाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये आणि बंदरावर उतरताना. मात्र हा निर्णय वय, दुखणे किंवा ऑपरेशनची फाइल पाहून करायचा नसतो. कसोटी एकच लावा. त्या केबिनमध्ये अशी एखादी सोय आहे का, जिच्यावाचून या माणसाला खोलीत शिरणे, संडास-अंघोळ करणे किंवा पलंगावर चढणे-उतरणे जमणारच नाही? असेल तर जराही संकोच न करता घ्या, वय चाळीस असले तरी. नसेल तर सोडा, वय नव्वद असले तरी.

ती केबिन मोठी का असते, हे आधी पाहू. बऱ्याच जहाजांवर साध्या केबिनच्या दाराची मोकळी रुंदी जेमतेम 22-23 इंच असते. भारतात मिळणाऱ्या 18 इंची सीटच्या घडीच्या व्हीलचेअरची पूर्ण रुंदी, म्हणजे हाताने ढकलायच्या एका कड्याच्या बाहेरून दुसऱ्या कड्याच्या बाहेरपर्यंत, 24 ते 26 इंच भरते. ती त्या दारातून जातच नाही. अ‍ॅक्सेसिबल केबिनचे दार किमान 32 इंच मोकळे उघडते. आत साधारण 60 इंच व्यासाचे वर्तुळ बसेल एवढी जमीन रिकामी ठेवलेली असते, कारण व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला तेवढे लागते. बाथरूमला उंबरठा नसतो. शॉवरच्या जागेत खुर्चीसकट शिरता येते, तिथे भिंतीला घडीची बैठक आणि हाती धरायचा शॉवर असतो. कमोड 17 ते 19 इंच उंच असतो आणि त्याच्या बाजूला व मागे आधाराच्या दांड्या असतात. वॉशबेसिनखाली गुडघे जातील अशी पोकळी, कपाटात हाताशी येणारा खालचा दांडा, बाल्कनीच्या उंबरठ्यावर उतरती फळी, बाथरूममध्ये मदतीसाठी बटण किंवा दोरी. म्हणजे फोटोत जी ऐसपैस जागा दिसते ती खुर्चीला फिरण्यासाठी मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. त्यापायी बऱ्याच जहाजांवर सोफा-कम-बेड काढलेला असतो, खण कमी असतात आणि तिसऱ्या माणसाची झोपायची सोय नसते.

आता व्हीलचेअर वापरणारा माणूस साध्या केबिनमध्ये अडकला तर काय होते ते पाहा. खुर्ची दाराबाहेर राहते. कॉरिडॉर हा आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता, त्यामुळे तिथे खुर्ची किंवा चालता न येणाऱ्यांची बॅटरीवरची स्कूटर उभी करू देत नाहीत. समजा अरुंद खुर्ची कशीबशी आत आली, तरी बाथरूमचे दार त्याहून अरुंद असते आणि उंबरठा जहाजाप्रमाणे तीन-चार इंचांपासून सहा-सात इंचांपर्यंत. मग त्या माणसाला सात दिवस अंगपुसणीवर काढावे लागतात आणि रात्री-अपरात्री लघवीला सार्वजनिक डेकवरचे अपंगांसाठीचे स्वच्छतागृह गाठावे लागते. म्हणून अशा प्रवाशासमोर ‘थोडी गैरसोय सोसून जाऊ’ हा पर्याय नसतो. ती केबिन मिळाली तर क्रूझ, नाही तर घरी बसणे.

आणि या केबिन फार थोड्या असतात. 2015 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अपंग प्रवाशांच्या तक्रारींवरून कार्निव्हल कॉर्पोरेशन या क्रूझ कंपनीशी जो समझोता केला, त्यात कार्निव्हल, हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या तीन नावांची मिळून 62 जहाजे होती. त्यातल्या बहुतेक जहाजांवर 3 टक्के केबिन अ‍ॅक्सेसिबल करायच्या असे ठरले. कंपनीला 55,000 डॉलर दंड आणि तक्रारदारांना साडेतीन लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. दीड हजार केबिनचे जहाज धरले तर 3 टक्के म्हणजे 45. त्या आतल्या, खिडकीच्या, बाल्कनीच्या आणि स्वीट अशा वर्गांत विभागल्या जातात. शिवाय सगळ्याच काही पूर्ण व्हीलचेअरच्या नसतात. त्यामुळे एका तारखेला, एका वर्गात, खुर्चीसकट अंघोळ करता येईल अशा मोजक्या केबिन उरतात. त्यातली एक ‘मोठी आहे’ म्हणून गेली की तेवढी तारीख एखाद्या कुटुंबासाठी संपते. व्हीलचेअरवाले प्रवासी वर्ष-दीड वर्ष आधी बुकिंग करतात ते याच कारणाने. शेवटच्या क्षणाच्या स्वस्त भाड्याचा लाभ त्यांना जवळजवळ कधीच मिळत नाही.

एजंटच्या वाक्यातला पहिला भाग साफ चुकीचा आहे, दुसरा अर्धा खरा.

अमेरिकन बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांचा झेंडा बहामाचा असो की पनामाचा, अपंगत्वविषयक अमेरिकन कायदा अमेरिकेच्या पाण्यात त्यांना लागू होतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात ठरवले. जहाजाच्या अंतर्गत कारभाराबाबत न्यायालयाने काही मर्यादा घातल्या, पण मूळ मुद्दा मान्य झाला. त्यानंतर परिवहन विभागाचा नियम आला, 49 सीएफआर (अमेरिकेचा संघीय नियमसंग्रह) भाग 39. तो जुलै 2010 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून लागू आहे. अ‍ॅक्सेसिबल केबिनबाबत त्याची चौकट अशी आहे: त्या वर्गातल्या बाकीच्या सगळ्या केबिन विकल्या जाईपर्यंत ही केबिन अपंग प्रवाशांसाठी राखून ठेवायची. अपंग प्रवाशाने मागितलेली केबिन त्याच्याच नावावर अडवून ठेवायची, ऐन वेळी दुसरी द्यायची नाही. बुकिंगसाठी डॉक्टरचा दाखला मागायचा नाही. पण केबिन मागणाऱ्याला कंपनीने विचारलेच पाहिजे की तुम्हाला किंवा तुमच्याबरोबरच्या व्यक्तीला चालण्या-फिरण्याशी संबंधित किंवा या केबिनच्या सोयी लागतील असे अपंगत्व आहे का. तसे लेखी निवेदनही कंपनी घेऊ शकते. फसवणुकीचा सबळ संशय आला तर कंपनीने चौकशी करायलाच हवी, आणि खोटे लिहून दिल्याचे आढळले तर प्रवास नाकारता येतो.

म्हणजे सर्टिफिकेट मागत नाहीत हे खरे. ते मागत नाहीत, कारण जन्मभर व्हीलचेअरवर असलेल्या माणसाला प्रत्येक सहलीआधी आपले अपंगत्व सिद्ध करायला लावणे अपमानाचे आहे. ती सूट त्याच्या सन्मानासाठी ठेवलेली आहे. बहुतेक कंपन्या त्या बदल्यात एक फॉर्म भरून घेतात, तो ठरलेल्या मुदतीत गेला नाही तर केबिन बदलतात. तो फॉर्म तुमच्या नावाने, तुमच्या सहीने जातो, एजंटच्या नाही. भरलेल्या जहाजावर चढताना प्रकरण उघडे पडले तर बदली द्यायला दुसरी केबिन नसते. अशा वेळी पैसे परत मिळतील किंवा प्रवास विमा मदतीला येईल, अशी आशा धरू नका.

एक रास्त वाट मात्र आहे. त्या वर्गातल्या साध्या केबिन खरोखर संपल्या आणि कंपनीने स्वतःहून अ‍ॅक्सेसिबल केबिन सगळ्यांसाठी खुली केली, तर ‘आमच्यापैकी कोणालाही अपंगत्व नाही’ असे स्पष्ट सांगून ती घेण्यात काहीच गैर नाही. अपंग प्रवासी आला तर तुम्हाला दुसरीकडे हलवू, अशी अट अनेक कंपन्या घालतात, ती मान्य असावी. तुमच्या बाबतीत साधी केबिन त्याच वर्गात उपलब्ध आहे, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

आता बाबांकडे वळू. ते पुण्यात आहेत तोवर घरच्या घरी चार गोष्टी करून पाहायला सांगा, शेजारी कोणाला तरी उभे ठेवून. पहिली, सहा इंच उंचीचा उंबरठा किंवा पायरी भिंतीला एका हाताचा आधार घेऊन ओलांडता येते का, तीही पाय न घासता? दुसरी, खुर्चीएवढ्या उंचीच्या कमोडवरून उठताना हातांनी किती जोर द्यावा लागतो? दांडी हवी असते, की दुसऱ्या माणसाने ओढावे लागते? या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिसरी, दोन खुर्च्या 22 इंचांच्या अंतराने ठेवून त्यांच्यामधून जायला सांगा. काठीने सहज जातील, वॉकरने कदाचित नाही. चौथी, न थांबता दहा मिनिटे उभे राहता येते का, कारण अंघोळीला तेवढा वेळ लागतो. ही चाचणी सकाळी न घेता संध्याकाळी घ्या, गुडघे दमलेले असताना. आणि हे सगळे जमिनीवर. जहाज हलत असते, म्हणून जे घरी काठावर जमते ते जहाजावर जमणार नाही असेच धरा.

या चाचणीत उंबरठा आणि दार जमले, आणि उठणे-बसणे दांडीच्या आधाराने जमले, तर साधी केबिन पुरते. मग कंपनीच्या अ‍ॅक्सेस विभागाला कळवून या वस्तू केबिनमध्ये ठेवायला सांगा: कमोडवर बसणारी उंच सीट, शक्यतो हातांसह, शॉवरमध्ये ठेवायचे स्टूल, शक्य असेल तिथे पलंगाला धरायची दांडी, इन्सुलिन असेल तर फ्रिज आणि सुया टाकायचा डबा. रात्री श्वासाचे सीपॅप मशीन लागत असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि लांब वायरचा बोर्डही. बहुतेक कंपन्या हे विनामूल्य देतात, पण जहाजावर साठा मर्यादित असतो. निघण्याआधी किमान दोन महिने फॉर्म भरा आणि उत्तराची ईमेल जपून ठेवा. केबिनमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या वस्तू आल्यात का ते पाहा. नसतील तर तेव्हाच केबिन अटेंडंटला सांगा, पहिल्या संध्याकाळी मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

सांधेबदल झालेल्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे, ती ब्रोशरमध्ये लिहिलेली नसते. खुर्चीसकट शिरायच्या शॉवरला कडा नसते. जहाज झुकले की पाणी मोरीकडे न जाता पूर्ण बाथरूमभर पसरते. व्हीलचेअरवरच्या माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही. काठीने, अनवाणी, नव्या गुडघ्यांवर चालणाऱ्या माणसाला मात्र पहाटे चार वाजता ओली फरशी लागते. त्याच्यासाठी छोटी बाथरूम, चहूकडे हाताला लागणाऱ्या भिंती आणि कडा असलेला शॉवर बहुधा जास्त सुरक्षित. रबरी तळाच्या चपला आणि पाण्याखाली न सरकणारी मॅट घरून न्या.

बाबांचा खरा प्रश्न अंतराचा आहे, म्हणून मोठ्या खोलीपेक्षा लिफ्टजवळची केबिन शोधा. आजची मोठी जहाजे 300 मीटरहून लांब असतात, ओएसिस ऑफ द सीज तर सुमारे 360 मीटर. मागच्या टोकाची केबिन आणि पुढच्या टोकाचे नाट्यगृह यांत येऊन-जाऊन अर्धा किलोमीटर सहज होतो. डेकचा नकाशा उघडून मध्यभागच्या लिफ्टपासून आठ-दहा दारांच्या आतली केबिन निवडा. लिफ्टच्या अगदी समोरची नको, वर्दळ असते. मधल्या भागात आणि खालच्या डेकवर जहाजाचे हलणेही कमी जाणवते. ‘गॅरंटी’ नावाचे स्वस्त भाडे टाळा, त्यात केबिन कुठे मिळेल ते कंपनी ठरवते.

लांब अंतरासाठी घडीची हलकी ट्रान्सपोर्ट चेअर न्या. मागून ढकलायची, छोट्या चाकांची ही खुर्ची साधारण 20-22 इंच रुंद असते. दाराशी घडी करून आत भिंतीला टेकवता येते. जहाजावरच्या व्हीलचेअर आणीबाणीसाठी असतात, आठवडाभर वापरायला देत नाहीत. बंदरावर चढताना आणि शेवटी उतरताना ढकलून न्यायची मदत मिळते, ती वेगळी आणि मोफत. बुकिंगमध्ये तेवढीच नोंदवा. इथेच आपल्याकडच्या घरांत घोळ होतो. विमानतळावर व्हीलचेअर मागवली म्हणजे बाबा ‘व्हीलचेअर पॅसेंजर’, म्हणून अ‍ॅक्सेसिबल केबिन, अशी साखळी जोडली जाते. चालण्याची मदत आणि केबिनची सोय या जहाजावर पूर्ण वेगळ्या नोंदी आहेत.

स्कूटर भाड्याने घ्यायचा विचार असेल तर तीही केबिनच्या आतच उभी आणि चार्ज करावी लागते. रुंद स्कूटर ठरवली की कंपनी म्हणणार, अ‍ॅक्सेसिबल केबिन घ्या. केबिनमध्ये चालू शकणाऱ्या माणसाने घडी होणारी, दाराच्या रुंदीहून अरुंद स्कूटर घ्यावी, म्हणजे स्कूटरपायी केबिन अडत नाही. दाराची रुंदी कंपनीकडून लेखी मागून घ्या, कारण ती जहाजागणिक बदलते.

बाबा घरच्या चाचणीत अडखळले तर? तर घ्या, पण पुरेशी असेल तेवढ्याच पायरीची, म्हणजे प्रकारची. कार्निव्हलच्या समझोत्यात या पायऱ्या तीन आहेत आणि इतर कंपन्यांतही थोड्याफार फरकाने तशाच आढळतात. पूर्ण अ‍ॅक्सेसिबल, म्हणजे पलंगाच्या दोन्ही बाजूंनी खुर्ची जाते. पूर्ण अ‍ॅक्सेसिबल, पण पलंगाला एकाच बाजूने खुर्ची लागते. आणि तिसरी, चालणाऱ्यांसाठीची, जिला इंग्रजी पाट्यांवर ‘अँब्युलेटरी’ म्हणतात. इथे आधाराच्या दांड्या आणि बैठकीच्या सोयी मिळतात, खुर्ची फिरवण्याची पूर्ण जागा मिळेलच असे नाही. उंबरठा ओलांडता येत नाही किंवा दांडीशिवाय उठताच येत नाही, पण खुर्चीवर बसून राहत नाही, अशा माणसासाठी ही तिसरी आहे. गुडघे, पार्किन्सनची सुरुवात, लकव्यातून सावरलेले, अशा बऱ्याच ज्येष्ठांचे काम हिच्यात भागते. बुकिंगच्या पानावर तिन्हींना एकच व्हीलचेअरचे चिन्ह असू शकते, म्हणून फोन करून पायरी विचारा. ती शिल्लक असताना पूर्ण अ‍ॅक्सेसिबल घेणे म्हणजे ज्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही त्याची जागा घेणे.

काही प्रसंग खरोखर धूसर आहेत. पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेल्याची गरज तात्पुरती असली तरी ती गरजच आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सीपॅप किंवा कमी ऐकू येणे यासाठी जागा लागत नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी दारावरच्या टकटकीला दिवा लावणारे आणि गजराला उशी हलवणारे किट साध्या केबिनमध्येही बसवून देतात. स्टोमा (शौच किंवा लघवीसाठी पोटावर केलेले छिद्र) असलेल्यांना किंवा बाथरूममध्ये दुसऱ्या माणसाची मदत लागणाऱ्यांना मात्र दोन माणसे मावतील अशी बाथरूम हवीच, बाहेरून ते कितीही धडधाकट दिसोत. फार वजनदार शरीराच्या माणसाला 22 इंचांचे दार आणि अरुंद शॉवर अशक्य असू शकतात, त्यांचा हक्कही तितकाच पक्का.

कुटुंबाच्या वाटणीबद्दल स्पष्ट सांगतो. ज्याच्यासाठी केबिन घेतली, त्यानेच त्या केबिनमध्ये झोपले पाहिजे. आजीच्या नावावर अ‍ॅक्सेसिबल केबिन घ्यायची आणि प्रत्यक्षात आजीला शेजारी पाठवून आत मुलांचा पसारा, हे खोट्या फॉर्मएवढेच गैर आहे. एका गरजू माणसामागे एकच केबिन. बाकीच्यांसाठी शेजारची किंवा समोरची साधी केबिन मागा. काही जहाजांवर आतून दार असलेल्या जोडकेबिन असतात. रात्री मदत लागणार असेल तर मदतनीस त्याच केबिनमध्ये हवा, म्हणून किती जण झोपू शकतात ते आधीच विचारा.

खरी गरज असलेल्यांनीही काही पथ्ये पाळायची असतात, आणि यावर फार कमी बोलले जाते. तारीख ठरत नाही म्हणून तीन-तीन तारखांना डिपॉझिट भरून अ‍ॅक्सेसिबल केबिन अडवून ठेवणे, काही एजंटांनी ग्रुपच्या नावाखाली चार-पाच केबिन धरून ठेवणे, आणि शेवटचा हप्ता भरायच्या आदल्या दिवशी सोडणे, हे टाळायला हवे. कंपनीनुसार तो हप्ता निघण्याआधी साधारण 75 ते 120 दिवस येतो. तेव्हा सुटलेली केबिन व्हीलचेअरवाल्या कुटुंबाला व्हिसा, विमान आणि मदतनीस जुळवायला फार उशिरा मिळते. भारतातून येणाऱ्यांना तर मिळूनही उपयोग नसतो. बेत फिसकटला की त्याच आठवड्यात रद्द करा. केबिन मिळत नसेल तर प्रतीक्षायादीत नाव घाला आणि हप्त्याच्या तारखेनंतरचे आठ-दहा दिवस रोज पाहा, तेव्हाच त्या सुटतात.

बुकिंग करताना ‘अपग्रेड नको’ अशी नोंद जरूर करून घ्या. कंपनीच्या अपग्रेडच्या लिलावात बोली लावली किंवा मेहरबानीने वरचा वर्ग मिळाला, तर अ‍ॅक्सेसिबल केबिन जाऊन हाती सुंदर पण 22 इंच दाराची केबिन येऊ शकते. भाड्याबाबतही नियम लक्षात ठेवा: भाग 39 प्रमाणे तुम्ही मागितलेल्या वर्गात अ‍ॅक्सेसिबल सोयच नसेल आणि ती फक्त महागड्या वर्गात असेल, तर मागितलेल्या वर्गाच्या भाड्यातच ती द्यावी लागते. पहिल्या फोनवरच्या प्रतिनिधीला हे बऱ्याचदा ठाऊक नसते. अशा वेळी तक्रार निवारण अधिकाऱ्याशी बोलायचे आहे असे सांगा, तसा अधिकारी उपलब्ध ठेवणे या नियमाने बंधनकारक आहे.

युरोपातल्या बंदरातून निघणार असाल तर तिथे 1177/2010 हा युरोपीय नियम डिसेंबर 2012 पासून लागू आहे. केबिनविषयक गरज बुकिंगच्या वेळीच सांगायची आणि बंदरावरची मदत किमान 48 तास आधी कळवायची. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझला अमेरिकन नियमाचे संरक्षण नाही. तिथे चालणारे कॉर्डेलिया या कंपनीचे एम्प्रेस हे जहाज 1990 मध्ये बांधलेले आहे, म्हणून दाराची आणि बाथरूमच्या उंबरठ्याची मापे सेंटिमीटरमध्ये लेखी मागा. लक्षद्वीपला जहाज दूर उभे राहते आणि लहान होडीतून उतरावे लागते, त्यामुळे व्हीलचेअरवरच्या माणसाला बेट डेकवरूनच पाहावे लागण्याची तयारी ठेवा. अमेरिकन क्रूझला आपले यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) लागत नाही, पण भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 91 लक्षात असू द्या: लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा लाभ लबाडीने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

जहाजावर अ‍ॅक्सेसिबल केबिनमधून कोणी ताडताड चालत बाहेर पडताना दिसले तर त्यांना हटकू नका. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा रुग्ण सकाळी चालतो आणि संध्याकाळी खुर्चीवर असतो. कृत्रिम पाय असलेला दिवसभर चालतो आणि रात्री पाय काढल्यावर रांगत बाथरूमला जातो. तो धडधाकट माणूस आतल्या आजारी पत्नीचा सोबतीही असू शकतो. ठोस कारण असेल तर गेस्ट सर्व्हिसच्या खिडकीवर शांतपणे कळवा. चौकशी करणे कंपनीचे काम आहे.

अलास्कासाठी शेवटचे. जूनोसारख्या बंदरांत भरती-ओहोटीत पाण्याची पातळी पाच मीटरहूनही अधिक बदलू शकते, त्यामुळे सकाळी सपाट असलेला गँगवे, म्हणजे जहाजातून उतरायचा पूल, दुपारी चढाचा होतो. बाबांना केव्हा उतरवायचे आणि केव्हा चढवायचे ते त्या दिवसाच्या भरतीचे वेळापत्रक पाहून ठरवा आणि गँगवेवरच्या कर्मचाऱ्यांची मदत मागा, ती देतात. एजंटला आजच सांगा: मधल्या लिफ्टजवळची साधी बाल्कनी केबिन, क्रमांकासह, चढता-उतरताना व्हीलचेअरची मदत, उंच कमोड सीट आणि शॉवर स्टूल. पुण्यातली चाचणी आठवडाभरात करून घ्या. बाबा उंबरठ्याला अडखळले, तर डिपॉझिट परत मिळण्याच्या मुदतीतच कंपनीला फोन करून तिसऱ्या पायरीची केबिन मागा, आणि तेव्हा फॉर्मवर लिहाल ते खरेच असेल.